मागचा दिवा

बाबा गेले त्या सकाळी मला फोन आला तो अनोळखी नंबरवरून. जानेवारी २०२५, साडेसहाची वेळ, नीट उजाडलंही नव्हतं. पलीकडचा माणूस म्हणाला, "भिया, आप इनके लड़के बोल रहे हो क्या? जेब में पर्ची मिली है."

पर्ची म्हणजे आमच्या घरातली चिठ्ठी. व्हिजिटिंग कार्डाएवढी, लॅमिनेट केलेली. तिच्यावर बाबांचं नाव, रक्तगट, साखरेची कुठली गोळी चालू आहे ते, माझा नि ताईचा नंबर, आणि सगळ्यात खाली हिंदीत एक ओळ: "मदद करने वाले को पुलिस रोकेगी नहीं। नाम बताना भी जरूरी नहीं। धन्यवाद।" फिरायला जाताना, भाजी आणायला जाताना, अगदी समोरच्या दुकानातून ब्लेड आणायला जातानासुद्धा ती शर्टाच्या खिशात असायची. आम्ही खूप हसायचो. त्या दिवशी कॉलनीच्या बागेत बाकावर बसल्या बसल्या ते कलंडले आणि फिरायला आलेल्या कुणीतरी ती चिठ्ठी वाचली, रिक्षा थांबवली, मला फोन केला. मी दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा तो माणूस हातात बाबांची माकडटोपी धरून उभा होता. "अब मैं जाऊँ?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आत नेण्याआधीच सगळं संपलेलं होतं, त्यामुळे मर्ग कायम करावा लागला. मर्ग हा शब्द मध्य प्रदेशात पोलिसाच्या घरी वाढलेल्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी: अचानक किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी. पंचनामा लिहायला आलेला एएसआय पंचविशीतला असेल. त्यानं वर "धारा १९४" असं लिहिलं आणि मी वेड्यासारखा म्हणालो, "१७४ ना?" तो म्हणाला, "सर, जुलैपासून नवीन कायदा." बाबांनी उभ्या नोकरीत शेकड्यांनी १७४ चे कागद रंगवले, आणि स्वतःच्या वेळेला कलमच बदललेलं. त्यांना ते आवडलं नसतं. दुरुस्त मात्र केलं असतं.

पुढचे दिवस सगळ्यांच्या घरी जातात तसेच गेले. पंचकुइयाचं स्मशान, अस्थी, दारावर माणसं, नगर निगमचा मृत्यूचा दाखला. आईच्या फॅमिली पेन्शनच्या कागदांवर जास्त लिहीत नाही. सर्व्हिस बुकात तिचं सासरचं नाव, आधारवर माहेरचं, आणि दोन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करायला शपथपत्र. खिडकीमागच्या माणसानं तिला तीन वेळा विचारलं, "तो ये आप ही हैं?" तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "एकावन्न वर्षं तेच तपासतेय."

खरं सांगायचंय ते लिहिण्याबद्दल. आमच्या भागातल्या मराठी मंडळाची स्मरणिका निघते, तिच्यात वर्षभरात गेलेल्यांवर एकेक पान असतं. तिसऱ्या दिवशीच एक काका येऊन सांगून गेले, चारशे शब्द, तेराव्याआधी द्या, अंक छापायला जातोय. बँकेत रोज अर्ज नि टिपणं लिहितो, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी एका बैठकीत लिहून टाकलं. जन्म १९५२, जुनी इंदूर. १९७४ साली मध्य प्रदेश पोलिसात आरक्षक, म्हणजे शिपाई, म्हणून भरती, २०१२ साली उपनिरीक्षक पदावरून निवृत्त. नोकरीचा मोठा काळ आग्रा-मुंबई महामार्गावर, म्हणजे एबी रोडवर, पेट्रोलिंग. कर्तव्यदक्ष अधिकारी, कुटुंबवत्सल गृहस्थ. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, नातवंडं.

आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "छान आहे. कोणाबद्दल आहे?"

त्याच रात्री पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, शोधताना लोखंडी पेटी उघडली. पीपीओ वरच सापडला. खाली खाकी कापडात बांधलेल्या डायऱ्या होत्या, एकोणीस. १९९४ ते २०१२. रेक्झिनच्या, दिवाळीला पेट्रोल पंपवाले वाटतात तसल्या. सरकारी रोजनामचा ते हिंदीत लिहायचे, आणि ह्या मराठीत. मला वाटतं ठाण्यात कुणाला वाचता येऊ नये म्हणूनच. ह्यांत मनातलं काही असेल अशी आशा मला होती. नव्हतं. ओळी अशा होत्या:

"गुजरी. पहाटे ४. उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही. स्कूटर. नवरा-बायको."

"मानपूर. मेटॅडोर. पुढच्या सीटवर मांडीत मूल."

"धामनोदच्या अलीकडे. ट्रक सरळ शेतात. ब्रेकची खूण नाही. झोप."

किती गेले ते कुठेच लिहिलेलं नाही. काय चुकलं तेवढंच लिहिलेलं.

मी पहाटेपर्यंत वाचत बसलो, आणि दोनेक वाजता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ह्या ओळी मला पाठ होत्या. वाचलेल्या नव्हत्या, पण पाठ होत्या, कारण आमच्या घराचे सगळे नियम हेच होते.

आमच्याकडे गाडीत पुढे बसणाऱ्यानं मांडीवर काहीही घ्यायचं नाही. मूल तर नाहीच, पण केळ्यांची फणी किंवा गणपतीची मूर्तीसुद्धा नाही. रात्री बारा ते पहाटे पाच ह्या वेळात कुणी घराबाहेर प्रवासाला निघायचं नाही, लग्न असो की मयत. ताईच्या सासरचे लोक रात्री दीडला जळगावहून निघतो म्हणाले, तर बाबांनी होणाऱ्या व्याह्यांना फोनवर सुनावलं होतं, "सकाळी निघा, नाहीतर येऊ नका." लग्न मोडायचंच बाकी होतं. ओढणी मागे गाठ मारून. आणि रेडियम. चमकणाऱ्या लाल पट्टीला आमच्याकडे रेडियमच म्हणतात. बाबा ते रिळानं आणायचे आणि जे हलतं त्याला चिकटवायचे. आमच्या सायकली, दूधवाल्याच्या क्यान, शेजारच्या रद्दीवाल्याचा ठेला. आजीच्या काठीलासुद्धा लावलं होतं. आजी म्हणायची, "अरे, मी काय एबी रोडनं चाललेय?"

आम्हाला ते सगळं लहरीपणाचं वाटे. वडील कडक आहेत, पोलिसातले आहेत, चालायचंच. प्रत्येक नियमामागे तारीख नि ठिकाण आहे, हे आम्हाला त्यांनी एकदाही सांगितलं नाही. सकाळी साडेसातला यायचे, मोरीत बराच वेळ हात धुवायचे, मग आम्हाला शाळेत सोडायचे नि झोपायचे. हातांबद्दल आम्ही कधी विचारलं नाही. मला आत्ता वाटतं, विचारलं असतं तरी ते "ग्रीस" म्हणाले असते.

चिठ्ठीचा उगम मात्र मला सहजासहजी सापडेना. ती माझ्या आठवणीत १९९३ पासून आहे, मी आठवीत होतो. दप्तराच्या आत शिवलेली. त्या सालची डायरीच पेटीत नव्हती. मग पुन्हा पाहिलं, तर १९९४ च्या डायरीच्या पहिल्या पानावर, जिथे लोक श्री लिहितात तिथे, होतं: "मानपूर, आषाढ, गेल्या वर्षीचा. ओळख नाही. वय २० च्या आत. पायात नवी चप्पल, डाव्या तळाला किमतीचं लेबल तसंच. तीन दिवस ठेवला. नगरपालिकेनं केलं." १९९५ च्या पहिल्या पानावर: "चप्पलवाला, मानपूर. पत्ता नाही." १९९६: "चप्पलवाला. पत्ता नाही." मी एकेक डायरी काढून फक्त पहिलं पान बघत गेलो. एकोणीसच्या एकोणीस डायऱ्यांत ती ओळ होती. दर एक जानेवारीला ते ती नव्या डायरीत उतरवत होते. शेवटची २०१२ ची, निवृत्तीच्या वर्षातली.

तो ज्या वर्षी सापडला, त्या वर्षी माझ्या दप्तरात चिठ्ठी शिवली गेली. मी ती उसवून फेकली होती, मुलं हसतात म्हणून. मार खाल्ला. दुसरी शिवली.

आता थोडं त्यांच्या कामाबद्दल, कारण स्मरणिकेतल्या माझ्या पहिल्या पानात "पेट्रोलिंग" हा एकच शब्द होता. रस्ता म्हणजे एबी रोड. सरकारी कागदावर पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ३, आता इंदूरच्या खाली ५२. बाबा शेवटपर्यंत एबी रोडच म्हणत. बदल्या होत, कधी इंदूर जिल्हा, कधी धार, पण पट्टा साधारण तोच: महू, मानपूर, घाट उतरून गुजरी, धामनोद, खलघाटचा नर्मदेवरचा पूल. माळव्याचं पठार संपून निमाड सुरू होतं तो हा उतार. ट्रकवाले डिझेल वाचवायला तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडत, काही तर इंजिनच बंद करत. इंजिन बंद झालं की ब्रेकला लागणारी हवा भरत नाही. तीन-चार वेळा पाय दाबला की दाब उतरतो आणि मग वीस टन माल नि उतार ह्यांचंच राज्य. हे मला बाबांनी जेवणाच्या ताटात, भाताचा डोंगर करून आणि वरून वाटाणा सोडून समजावलं होतं. डायनॅमिक्स मी पुढे कॉलेजात शिकलो, पण डोक्यात तो वाटाणाच राहिला.

रात्री तीननंतर ते ट्रक थांबवत आणि ड्रायव्हरला खाली उतरवून तोंड धुवायला लावत. जीपमध्ये पाण्याचा डबा नि थर्मास असायचा. ड्रायव्हर आधी पाकीट काढायचा. त्या रस्त्यावर खाकीनं गाडी थांबवली की पाकीटच निघतं, खोटं कशाला बोलू. बाबांबद्दल मी काय सांगणार, मुलगाच मी. एवढंच की आमचं दोन खोल्यांचं घर पुरं व्हायला बावीस वर्षं लागली आणि वरच्या मजल्याच्या सळया अजूनही आभाळाकडे बघतायत.

१०८ ची ॲम्ब्युलन्स यायच्या आधी जखमींना नेणं म्हणजे मिळेल ते वाहन. जीप, दुधाचा टेंपो, एकदा वऱ्हाडाची बस. आणि खासगी दवाखान्यात नेलं की "पुलिस केस है, एमवाय ले जाओ". एमवाय म्हणजे इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय, तिथून साठ-सत्तर किलोमीटरवर. पेटीत एक जीर्ण झेरॉक्स सापडली, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीच्या जागी सेलोटेप लावलेली: परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार, १९८९. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की जखमी माणूस आला की डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, पोलिसी सोपस्कार नंतर. दहावी पास प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, तो इंग्रजी कागद डॉक्टरांपुढे धरायचा. वाचता येत नव्हता, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते माहीत होतं. त्या ओळीखाली निळ्या शाईची रेघ आहे आणि रेघेवर बोटाचा काळा ठसा.

आणि घरी? घरी ते नसायचेच फारसे. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, निघतात, रात्रभर बंदोबस्त, हायवेवरचेही ओढले जात. त्यामुळे आमचा गणपती दीड दिवसाचा केला. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर ड्यूटी. म्हणून मला "कुटुंबवत्सल" शब्द लिहिताना अडखळायला झालं नाही ह्याचंच आता नवल वाटतं. पण मानपूरच्या सीताफळांचा मोसम आला की ते हेल्मेटमध्ये फळं भरून आणत, प्रत्येकाची मोजून. ताईच्या वाट्याची ताई झोपली असली तरी कुणी खायची नाही. चादरीची घडी त्यांच्यासारखी कुणाला जमायची नाही. आणि सहामाहीच्या निकालाला ते न चुकता शाळेत येत, रात्रपाळी करून, गणवेशातच. मास्तर मला मारायला घाबरत. मला लाज वाटायची.

एक किस्सा मी स्मरणिकेत घातला नाही, इथे घालतो. १९९८ चा श्रावण, मी एकोणीसचा. मित्राची मोटरसायकल घेऊन तिघं जण मांडूला निघालो. एकच हेल्मेट, तेही हँडलला लटकवलेलं. मानपूरला हात आडवा झाला. बाबा. त्यांनी मला ओळख दिली नाही. "गाडी साइड में लो. लाइसेंस." नाव विचारलं. वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. चालान फाडलं. पैसे नव्हते, म्हणून आम्हाला पत्र्याच्या शेडखाली दोन तास उभं केलं आणि मग इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये कोंबलं. गाडी तिथेच. रात्री घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द नाही. पण पुढचे चार महिने माझ्या हातखर्चातून पंचवीस-पंचवीस रुपये कापले. ती पावती पेटीत होती. वडिलांच्या नावाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव पूर्ण लिहिलंय, हुद्दा न लावता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी आम्ही अस्थी घेऊन खलघाटला गेलो. नातेवाईक ओंकारेश्वर म्हणत होते, पण बाबांनी खूप आधीच सांगून ठेवलं होतं, "पट्टा जिथे संपतो तिथे." मी गाडी चालवत होतो, मागे आई नि ताई. कलश ताईच्या मांडीवर होता. महू ओलांडल्यावर ती म्हणाली, "थांब जरा." गाडी कडेला घेतली. तिनं कलश मधल्या सीटवर ठेवला, बाजूंना दोन उश्या लावल्या आणि त्याला बेल्ट बांधला. "मांडीवर नको," एवढंच म्हणाली. आईनं बेल्टची क्लिप ओढून पाहिली.

गणपती घाटाचा उतार त्या सगळ्या पट्ट्यातला सर्वांत वाईट. चौपदरी झाल्यावर तर जास्तच माणसं मारली त्यानं, ट्रक वरून सुटायचे नि पुढच्यांवर जाऊन पेटायचे. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर उतरण्यासाठी नवा, कमी उताराचा रस्ता उघडला. डिसेंबरात बाबांनी मला तो दाखवायला न्यायला लावलं होतं. दाखवायला म्हणजे स्वतः बघायला. वर कडेला खुर्ची टाकून तासभर उतरणारे ट्रक बघत बसले. एकालाही ब्रेक लावत लावत उतरावं लागत नव्हतं. "बरा केलाय," म्हणाले. इतकं कौतुक त्यांनी माझ्या नोकरीचंही केलं नव्हतं.

खलघाटच्या पुलावरून खाली बघवत नाही अजून. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एसटी इथेच कठडा तोडून नर्मदेत गेली, बारा माणसं गेली. इंदूरच्या मराठी घरांना ती बस परकी नव्हती, खानदेशात माहेर-सासर असलेल्यांची ती रोजची गाडी. बाबा निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. टीव्हीसमोर उभे राहून त्यांनी जुन्या ओळखीच्या ठाण्यात फोन लावला आणि म्हणाले, "घरवाले आएँगे, मराठी बोलने वाले. किसी को भाषा की दिक्कत हो तो मेरा नंबर दे देना." संध्याकाळी दोन फोन आले. ते गॅलरीत जाऊन बोलले, दार ओढून. आत येऊन जेवायला बसले आणि ताटावरून उठून गेले.

पाण्यात उतरलो तेव्हा नर्मदा संथ होती. गुरुजींनी हिंदीत संकल्प सांगितला. आईनं कलशाचा दोरा सोडला. वर पुलावरून ट्रक जात होते.

पान मी पुन्हा लिहिलं. "कुटुंबवत्सल" काढला. आई म्हणाली, हा शब्द सगळ्यांच्याच मागे लावतात, त्यापेक्षा चादरीचं लिही. चादरीचं लिहिलं, सीताफळांचं लिहिलं, आणि चप्पलवाल्याचं. चारशेचे आठशे शब्द झाले. काकांनी कापायला सांगितलं, तेव्हा जन्मसाल, भरती नि हुद्दा कापला. ते जरा नाराज झाले. छापलं मात्र.

तेराव्याला बाबांचे जीपचे ड्रायव्हर आले होते, तेही आता सत्तरीचे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही. त्यांना मी चप्पलवाल्याबद्दल विचारलं. काका बराच वेळ वाटीतलं श्रीखंड चमच्यानं सपाट करत राहिले. मग म्हणाले, "साहेब दर आषाढात मानपूरला गाडी थांबवायचे. मला वाटायचं, चहासाठी."

निघेपर्यंत आठ वाजले. काकांनी स्कूटर चालू केली. दारात उभ्या असलेल्या आईनं माझा हात धरला. "मागचा दिवा बघ."

लागत नव्हता. मी "काका, थांबा" म्हणालो आणि आत गेलो. बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात रीळ होतं, अर्धं संपलेलं, आत कात्री खोचलेली. मडगार्डवर धूळ होती, ती आईनं पदरानं पुसली. मी वीतभर लाल पट्टी कापली, चिकटवली आणि अंगठ्यानं दाबून धरली.